जरा दिवे बंद करता का?

ध्रुवीय रात्रीत काळोख आयता मिळतो असं ज्याला वाटतं, त्याने एकदा माझ्या मावशीबरोबर स्वालबार्डला, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या बेटांवर जावं. मावशी निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षिका. लोक तिथे अरोरा, म्हणजे आकाशातले रंगीत ध्रुवीय प्रकाश बघायला जातात. हिला आकाश किती काळं आहे ते मोजायचं होतं, आणि त्या कामात अरोरा म्हणजे निव्वळ व्यत्यय. "हिरवे पडदे काय, फोटोत दिसतातच की," असं म्हणणारी बाई सोबत असली की सहलीचा नूरच बदलतो.

तारीखही तिनेच ठरवली. डिसेंबर, आणि तोही अमावस्येच्या आसपासचा. मी म्हटलं, सूर्यच उगवत नाही तिथे, मग चंद्राचं काय एवढं? तर तिने फोनवर शिकवणी घेतली. हिवाळ्यात सूर्य जितका खाली जातो, पौर्णिमेचा चंद्र तितकाच वर चढतो. त्यामुळे आम्ही राहणार होतो त्या लाँगइअरब्येनसारख्या ७८ अंश उत्तरेच्या गावात डिसेंबरातला पौर्णिमेचा चंद्र दिवसचे दिवस मावळतच नाही, नुसता आकाशात घिरट्या घालतो. खाली बर्फ, वर चंद्र. अशा वेळी काळोख मोजायला जाणं म्हणजे वेळेचा अपव्यय. उलट अमावस्येचा चंद्र सूर्याच्या सोबतीने क्षितिजाखालीच राहतो. "तेव्हा पंचांग बघ आणि मग तिकीट काढ," इति मावशी.

व्हिसाचं एक सांगून टाकतो, कारण त्याने माझं डोकं उठवलं होतं. १९२० च्या करारामुळे स्वालबार्डला जायला स्वतंत्र व्हिसा लागत नाही, हे सगळेच कौतुकाने सांगतात. पण विमान जातं नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून, आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या बाहेर. म्हणजे जाताना शेंगेनमधून बाहेर पडायचं आणि येताना पुन्हा आत शिरायचं. व्हिसा दोनदा प्रवेशाचा नसेल तर परतीच्या वाटेवर पंचाईत. व्हिसा नसलेल्या जागेसाठी दुप्पट व्हिसा! असो.

पहिले दिवस ढगांनी खाल्ले. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, फक्त एक गोष्ट सोडून. हॉटेलच्या मागच्या अंगणात मावशीने सहज मीटर वर धरला आणि आकडा आला १५.८.

हा मीटर म्हणजे एसक्यूएम, स्काय क्वालिटी मीटर. कॅनडात बनणारी, तळहातावर मावणारी काळी डबी. डोक्यावर धरायची, बटण दाबायचं, लाल आकडा उमटतो. एकक आहे मॅग्निट्यूड प्रति चौरस आर्कसेकंद, पण हौशी मंडळी नुसतं "किती आला?" विचारतात. आकडा जितका मोठा तितकं आकाश काळं. पूर्ण नैसर्गिक, चंद्र नसलेलं आकाश बावीसच्या जवळ जातं. पाचाचा फरक म्हणजे उजेडात शंभरपट फरक. म्हणजे सूर्य महिनोन्‌महिने उगवत नाही अशा गावात आम्ही उभे होतो आणि आकाश निर्मळ रात्रीच्या तीनशेपट उजळ होतं! कारण साधं. रस्त्यावरचे दिवे खाली बर्फावर पडतात, बर्फ तो उजेड जवळजवळ सगळा वर फेकतो, वरचे ढग तो पुन्हा खाली ढकलतात, आणि हा खेळ चालूच राहतो. गंमत अशी की आडरानात ढग आले की काळोख वाढतो, आणि गावात आले की उजेड.

मावशी खूश. "बघ, पहिल्याच आकड्यात निबंधाचा विषय मिळाला." मी मात्र गारठलो होतो आणि मला कॉफी हवी होती.

आकाश निवळलं ते अमावस्येच्या दुसऱ्या रात्री. आम्ही एका वाटाड्या मुलीला आधीच ठरवून ठेवलं होतं. गावाबाहेर अस्वलांचं राज्य सुरू होतं, त्यामुळे बंदूकधारी वाटाड्या सोबत असणंच शहाणपणाचं. गाडीने आद्‌वेंतदालेन खोऱ्यातून आम्ही खाण क्रमांक ७ च्या दिशेला निघालो. ही स्वालबार्डमधली नॉर्वेची शेवटची कोळसा खाण, २०२५ च्या उन्हाळ्यात बंद झाली. तिच्या वरच्या अंगाला ब्रैनोसा डोंगरावर ५२० मीटर उंचीवर केल हेन्रिकसेन वेधशाळा आहे. २००८ पासून अरोरावर काम करणारी, छपरावर काचेच्या घुमटांची रांग असलेली. प्रत्येक घुमटाखाली एकेक खोली आणि खोलीत एकेक उपकरण. जवळच रडारच्या ३२ आणि ४२ मीटरच्या थाळ्या. वर आम्हाला जायचं नव्हतं. पण ज्या खोऱ्यावर या लोकांचे कॅमेरे रात्रंदिवस डोळा लावून बसतात, तिथलं आकाश खरंच किती काळं, हाच मावशीचा प्रश्न होता.

गाडी एका मोकळ्या वळणावर थांबली. इंजिन बंद, दिवे बंद. उणे अठरा. मावशीने मीटर आतल्या स्वेटरच्या खिशात ठेवला होता, कारण नऊ व्होल्टची बॅटरी थंडीत मान टाकते. बाहेर काढल्यावर पहिला आकडा ती मोजतच नाही, मीटर अजून उबदार असतो म्हणून. मग हात सरळ डोक्याच्या वर, तोंड बाजूला वळवलेलं, कारण श्वासाची वाफ भिंगावर बसली की तिथेच तिचं दव गोठतं. बटण दाबलं. उजेड असला की आकडा चटकन येतो. काळोखात मीटरला प्रकाश गोळा करायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तो टिक टिक करत राहतो. ती टिकटिक लांबली की मावशीचा चेहरा खुलतो.

आता यात एक अडचण होती, जी कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती. आमची वाटाडी दर दोन-तीन मिनिटांनी मोठी बॅटरी पेटवून सगळीकडे गोल फिरवत होती. अस्वलाचे डोळे चमकतात का, ते बघायला. तिचं म्हणणं अगदी बरोबर. काळोखात उभं राहायचं तर काळोखात काय आहे ते तिला माहीत असायलाच हवं. पण त्या झोताने बर्फ झळाळून उठायचा आणि आमचे अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा शून्यावर. शेवटी दोघींचा तह झाला. वाटाडी झोत मारेल, "ठीक" म्हणेल, बॅटरी विझवेल, मग मावशी मोजेल. झोत, ठीक, टिकटिक. झोत, ठीक, टिकटिक. दोन फिजिक्सच्या प्रयोगशाळेतल्या बायका वाटाव्यात इतक्या शिस्तीत.

२०.९. २१.१. गावाच्या दिशेला आकाशाच्या कडेवर फिकट पिवळट डाग होता, पण डोक्यावर आकाशगंगा इकडून तिकडे. २१.३. मावशी कुजबुजली, "चढतोय."

आणि नेमकी तेव्हा बस आली.

मोठी, आतले दिवे पेटलेली, पुढचे दिवे थेट आमच्यावर. अरोरा दाखवणाऱ्या सहलीची. पंचवीस-तीस माणसं उतरली, प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा दिवा, हातात फोन, फोनचा फ्लॅश चालू. अरोराचा फोटो फ्लॅश मारून काढणारी माणसं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. वर अरोरा नव्हताच तेव्हा. ते एकमेकांचेच काढत होते. कुणीतरी थर्मासमधून गरम पेय वाटायला सुरुवात केली. मावशीच्या बोटाखाली बटण दाबलं गेलं होतं. मीटर एकदाच टिकला. १७.२.

मला वाटलं, ती आता गाडीत जाऊन बसेल. त्याऐवजी ती सरळ त्या घोळक्यात शिरली. तिचं इंग्रजी वर्गात शिकवण्याचं, स्पष्ट, प्रत्येक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखा. आम्ही इथे आकाशाचं तेज मोजतोय, कृपा करून पाच मिनिटं दिवे बंद करता का, असं तिने विचारलं. चालक म्हणाला, नाही, सुरक्षिततेसाठी चालू ठेवावे लागतात. मावशी म्हणाली, तुमच्याकडे एक बंदूक, आमच्याकडे एक बंदूक, दोघी वाटाड्या दोन बाजू बघतील, बाकी दिव्यांनी अस्वल घाबरत नाही, फक्त तुमचे पाहुणे आंधळे होतात. हे शेवटचं वाक्य तिथल्या पाहुण्यांना लागलं असावं. एक वयस्क गृहस्थ हसले आणि त्यांनी कपाळावरचा दिवा विझवला. मग दुसऱ्याने. चालकाने खांदे उडवले आणि बसचे दिवे बंद केले.

एक फोन बराच वेळ चमकत राहिला. तोही गेला.

मग सगळेच गप्प उभे. डोळे हळूहळू सरावायला लागले. कुणीतरी "ओ..." असं म्हणालं, कारण आकाशगंगा पहिल्यांदाच दिसली असावी. बसमधून उतरल्यापासून ती डोक्यावर होतीच. दोन्ही वाटाड्यांचं "ठीक", "ठीक" झालं. मावशीने हात वर केला. टिक. टिक. टिक. ती टिकटिक सगळा घोळका ऐकत होता. मी श्वास रोखलेला. लाल आकडा उमटला. २१.४.

"किती?" त्या वयस्क गृहस्थांनी विचारलं. मावशीने सांगितलं. त्यांना त्याचा अर्थ कळला नसणार, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या, हातमोज्यांच्या, भद्द भद्द. मावशी लाजली. हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

तिने दुसऱ्या मोजणीसाठी हात वर केला आणि पूर्वेकडून एक हिरवा पट्टा निघाला. आधी नुसता ढगासारखा, मग दुमडला, फाटला, डोक्यावर येऊन फुलला. घोळक्यात आरडाओरडा. एक मुलगी चक्क रडायला लागली. १९.६. १९.१. १८.७. मावशी वैतागून म्हणाली, "अरे, आत्ता कुठे एकवीस चार आला होता!"

मला हसू आवरेना. सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन पेटलेला, तीसजण आनंदाने ओरडताहेत, आणि त्या सगळ्यांत एकटी बाई उजेडावर चिडलेली.

दुसऱ्या दिवशी तिने दुपारचंही मोजून घेतलं. कागदावरचा हिशोब तिने आधीच करून ठेवला होता. २१ डिसेंबरला इथे भर बारा वाजता सूर्य क्षितिजाखाली जेमतेम साडेअकरा अंश असतो. आकाश पूर्ण काळं व्हायला तो अठरा अंश तरी खाली हवा. म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत अंधाऱ्या दिवशीसुद्धा सकाळी साधारण पावणेआठपासून संध्याकाळी सव्वाचारपर्यंत संधिप्रकाश रेंगाळतोच. दक्षिणेकडे गडद निळी पट्टी दिसते, तारे असतात, पण मीटर फसत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला हे गाव पृथ्वीच्या चुंबकीय दुपारखाली, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या सूर्यासमोरच्या बाजूखाली येतं आणि सौरवाऱ्यातले कण थेट वरून उतरतात. हा दिवसाचा अरोरा, तांबूस. तो बघायला दिवसाही अंधार असलेली जागा लागते, म्हणून तर वेधशाळा इथे. कॅमेऱ्यात तो छान लाल आला. आमच्या डोळ्यांना राखाडी धूसर काहीतरी दिसलं. मीटरला तर रंग कळतच नाही, त्याने सगळं एकाच आकड्यात घालून टाकलं.

जेवताना मी विचारलं, मग दक्षिण ध्रुवाकडे जायचं का पुढच्या वेळी? तिने नेहमीप्रमाणे गंभीरपणे उत्तर दिलं. नेमक्या ध्रुवावर सूर्य साडेतेवीस अंश खाली जातो, म्हणजे आठवडेच्या आठवडे अखंड काळोख, पण अरोरा पिच्छा सोडत नाही. अंटार्क्टिकावरचं डोम सी, जिथे फ्रेंच आणि इटालियनांचं कॉनकॉर्डिया स्थानक आहे, ते भूचुंबकीय ध्रुवाजवळ असल्यामुळे अरोरा तिथे बहुतेक क्षितिजालगत राहतो. पण ते ७५ अंशांवर, तेव्हा दुपारचा संधिप्रकाश इथल्यापेक्षाही जास्त. एकाला झाकावं तर दुसरं उघडं. तिला खरी ओढ होती न्यू-ऑलसुनची. इथून शंभरेक किलोमीटर वायव्येला, जिथे आपलं, भारताचं हिमाद्री संशोधन स्थानक आहे. तिथे रेडिओ दुर्बिणीसाठी वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या हिवाळी मोहिमेत रामन संशोधन संस्थेच्या लोकांनी तिथला रेडिओचा गोंगाट मोजला. "म्हणजे त्यांनी रेडिओचा काळोख मोजला," ती म्हणाली, आणि मला तिच्या आवाजात स्पष्ट असूया ऐकू आली.

निघण्याच्या आदल्या रात्री ती हॉटेलच्या दिवाणखान्यात मोज्यांवर बसून (इथे बूट दारातच काढतात, खाणकामगारांच्या काळ्या बुटांपासूनची रीत) आकडे वहीतून लॅपटॉपवर चढवत होती. ग्लोब ॲट नाइट नावाचा प्रकल्प आहे, २००६ पासून जगभरच्या हौशी लोकांकडून आकाशाचे आकडे गोळा करतो. २१.४ चढला. १७.२ पाशी ती थांबली.

"हा पाठवायचा नाही," मी म्हटलं.

"पाठवणार नाहीच. पण वहीत शेरा हवा." तिने चष्मा वर केला आणि मराठीत लिहिलं: बस, एक. अरोराच्या १८.७ समोर लिहिलं: नैसर्गिक, विनंतीचा उपयोग नाही.