आमची वाटचाल : आधाराच्या दांडीची

वयस्कर माणूस राहत्या घरात पडू नये, यासाठी घरात जे बदल लागतात ते आम्ही करून देतो. संडास-बाथरूममधल्या आधाराच्या दांड्या, कमोडची उंची, उंबऱ्याचा उतार, रात्रीचा दिवा. मुलं परदेशात आणि आई-वडील जुन्या घरात, अशी घरं पुण्यात पेठेपेठेत आहेत. फोन मात्र बहुतेक वेळा खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर येतो. आमचं कळकळीचं सांगणं आहे, पडण्याआधी बोलवा.

सुरुवातीला हार्डवेअरच्या दुकानातल्या तयार दांड्या लावत होतो. सहा महिन्यांत फ्लँजपाशी, म्हणजे भिंतीला टेकणाऱ्या गोल चकतीपाशी, तांबूस डाग यायचे. माल ३०४, म्हणजे चांगल्या दर्जाचं स्टेनलेस स्टील म्हणून विकलेला, निघायचा २०२, म्हणजे हलका. गिऱ्हाईक चुंबक लावून बघतं, पण २०२ लाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेला अर्थ नाही. आमच्या भोसरीच्या फॅब्रिकेटरनी मॉलीचा, म्हणजे स्टील तपासायच्या द्रावाचा, थेंब टाकून ९ व्होल्टची बॅटरी लावायला शिकवलं. थेंब लाल झाला की माल परत. तेव्हापासून पाइप त्यांच्याकडचाच. ३२ मिमी व्यासाचा, दीड मिमी जाडीचा, आर्गन वेल्डिंग, आणि बफिंग, म्हणजे चकचकीत घासणं, फक्त टोकांना. मधला भाग मुद्दाम खरखरीत ठेवतात, कारण साबणाचा हात गुळगुळीत पाइपवर टिकत नाही. भिंत आणि दांडी यांत ३८ मिमी अंतर. जास्त ठेवलं तर तोल जाताना हात आत घुसून अडकतो आणि हाड मोडतं.

आता भिंत. टाइल, तिच्यामागचा माल आणि प्लास्टर मिळून इंचभर सहज जातं. दोन इंची स्क्रू मारला तर विटेत जेमतेम इंच शिरतो आणि तोच पुढे उपटून येतो. आम्ही ८० मिमीचा वापरतो. आधी नाण्याने टाइल वाजवायची. पोकळ वाजली तर जागा बदलायची. नळाच्या सरळ रेषेत वर-खाली कधीच भोक पाडायचं नाही, आत पाइप असतो. टाइलला आरपार भोक पडेपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद, विटेला लागलं की चालू. भोकातली भुकटी फुंकून नाही, ब्रशने काढायची, नाहीतर गिट्टी, म्हणजे स्क्रू पकडायला भोकात घालायचा प्लग, फिरते. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकमध्ये, पुण्यात ज्याला सगळे सिपोरेक्स म्हणतात, साधी गिट्टी पकडतच नाही. तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात घट्ट होणारा चिकट मसाला, भरून तो पूर्ण सुकेपर्यंत दांडीला हात लावू द्यायचा नाही.

साडेचार इंची पातळ भिंतीचा धडा आम्हाला सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी मिळाला. त्या आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. ड्रिल लावताच वीट हलली. शेवटी आरपार बोल्ट घातले आणि पलीकडे स्वयंपाकघरात सहा इंची लोखंडी पट्टी दिली. बाईंनी त्या पट्टीच्या बोल्टला चिमटा आणि गाळणी अडकवली आहे, आजही आहे.

उंचीही त्यांनीच शिकवली. अमेरिकी मापाप्रमाणे आडवी दांडी ३३ ते ३६ इंचांवर येते. पाच फुटांच्या बाई कमोडवर बसल्या की ती त्यांच्या खांद्याशी. “अरे, मला लोंबकळायचं नाहीये, उठायचंय,” म्हणाल्या. तेव्हापासून माणसाला कपड्यांसकट कमोडवर बसवतो, दोनदा उठवतो, हात आपसूक जिथे जातो तिथे पेन्सिलची खूण करतो. बहुतेकांची खूण २७ ते ३० इंचांमध्ये येते. दुखरा गुडघा कुठला हेही विचारतो.

या सगळ्यानंतरही धंदा बंद पडायची वेळ आली. कोथरूडच्या एका सोसायटीने ६० घरांची तोंडी ऑर्डर दिली आणि आम्ही लेखी न घेता माल तयार केला. ही चूक आमची. लेखी आणि निम्मा ॲडव्हान्स याशिवाय कुणीही पाइप कापू नये. आठवड्याभरात दुसरा एकजण आला: रबरी कपांच्या चिकटणाऱ्या दांड्या, भाव आमच्या निम्मा, भोक नाही, धूळ नाही. कमिटीने त्याला होकार दिला. साठ जोड भोसरीला पडून राहिले, पगार दोन महिने थकले.

कप चिकटतात हवेच्या दाबावर. टाइलच्या सांध्यावर कप गेला, मॅट टाइल असली, बोअरच्या पाण्याचे क्षार साचले, की हवा हळूहळू आत शिरते. कप सुटल्याचं दाखवणारी त्यावरची लाल खूण चष्म्याशिवाय आंघोळ करणाऱ्याला दिसणार कशी? प्रवासात, हॉटेलात तोल सावरायला ठीक, पण अंगाचा सगळा भार टाकायची ती वस्तू नाही. हे आम्ही कमिटीला लिहून दिलं होतं. चार महिन्यांत दांड्या निखळायला लागल्या, एक आजोबा पडले, आणि बोलणं काय उठलं? “दांड्यांचा काही उपयोग नाही.” म्हणजे आमच्याही! ते शब्द अजून सलतात.

फॅब्रिकेटरनी त्या काळात पैशांची आठवण एकदाही काढली नाही. बाईंनी त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणींकडे आम्हाला पाठवलं, त्यातून अकरा घरं मिळाली आणि पगार निघाले.

दांडी लावली म्हणजे झालं असं नाही. महिन्यातून एकदा घरातल्या धडधाकट माणसाने दोन्ही हातांनी ओढून बघावी. ॲसिडने धुऊ नये, ३०४ सुद्धा खराब होतो. आणि टॉवेलच्या दांडीला धरून उठायची सवय लागू देऊ नका, ती टॉवेलपुरतीच असते.

त्या सोसायटीतली नऊ घरं आता आमच्याकडे आहेत. टाइलवर कपांचे गोल डाग अजून दिसतात, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला. आमचे फ्लँज त्यांच्या पाच बोटं खाली बसलेत.