गिटच्या ॲड-ऑन कमांड्स, ॲडमिन राइट्स नसताना : माझा अनुभव

ज्यांच्या लॅपटॉपवर ॲडमिन राइट्स (सिस्टीमवर सॉफ्टवेअर बसवायचा हक्क) नाहीत आणि जे दिवसभर टर्मिनलमध्ये गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल) वापरतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. टूल्स बसवायला मला फारसा वेळ लागलाच नाही, सगळा वेळ खाल्ला तो परवानगीच्या फॉर्मनं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमचं ऑफिस कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला. फौंड्रीवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो, पण मोठं काम पुण्यातल्या एका क्लायंटचं, आणि लॅपटॉपही त्यांचेच. उबुंटू (लिनक्स) घालून दिलेत, सुडो, म्हणजे ॲडमिन म्हणून कमांड चालवणं, बंद. एकाच रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) बरेच जण काम करतो त्यामुळं जुन्या ब्रँचचा (कोडच्या वेगळ्या फांद्यांचा) नुसता ढीग, गिट ब्रँच मारलं की स्क्रीन भरून यादी येणार आणि त्यात आपली शोधत बसायचं. डिफ, म्हणजे कोडमधला फरक, बघायचा म्हणजे लाल-हिरव्या ओळींत एका ओळीत नेमकं कुठलं अक्षर बदललंय ते डोळे ताणून हुडकायचं. मला हवी होती चार टूल्स : गिट-एक्स्ट्राज, डेल्टा, टिग आणि गिट-ॲब्सॉर्ब. चारही फुकट, ओपन सोर्स.

नियमाप्रमाणं सपोर्ट डेस्कच्या पोर्टलवर रिक्वेस्ट टाकली. त्या फॉर्ममध्ये व्हेंडरचं नाव भरल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. आता गिट-एक्स्ट्राजला कुठला व्हेंडर? लोकांनी मिळून लिहिलेल्या शेल स्क्रिप्ट आहेत त्या. मी 'ओपन सोर्स' असं लिहिलं तर 'व्हेंडर रजिस्टर्ड नाही' म्हणून परत. लायसन्सची किंमत शून्य टाकली तर फॉर्म ती रिकामी धरतो आणि सबमिट होत नाही. शेवटी किमतीत एक रुपया टाकला तर खर्च आहे म्हणून ती रिक्वेस्ट खरेदी विभागाकडं गेली आणि त्यांनी कोटेशन मागितलं!

त्यात एका टूलला एक फॉर्म. आणि प्रत्येक फॉर्ममध्ये 'कोणत्या एक्झिक्युटेबल फाइलला परवानगी हवी' असा रकाना. गिट-एक्स्ट्राजमध्ये साठाच्या वर कमांड आहेत, प्रत्येक कमांड वेगळी फाइल. मी सगळी यादी चिकटवली तर रकान्याला अक्षरांची मर्यादा. मग 'यादी सोबत जोडली आहे' असं लिहून फाइल जोडली, तर उत्तर आलं की जोडलेल्या फाइली आम्ही उघडत नाही.

पण खरा वैताग पुढं आहे. आमचे ग्राहक फौंड्रीवाले, त्यांची सुट्टी सोमवारी, म्हणून आमचीही सोमवारी. डेस्कचे लोक शनिवार-रविवार घरी. म्हणजे साचलेली तिकिटं (आमच्या रिक्वेस्ट) ते सोमवारी सकाळी बघणार, माझ्या तिकिटावर काहीतरी विचारणार, आणि चोवीस तासांत उत्तर नाही आलं की तिकीट आपोआप बंद. मी मंगळवारी येऊन लॅपटॉप उघडेपर्यंत 'युजरकडून प्रतिसाद नाही' असा शेरा मारून तिकीट क्लोज झालेलं असायचं. रीओपन करता येत नाही, नवा फॉर्म भरायचा, परत व्हेंडर, परत किंमत. तेच तेच होत राहिलं. सुट्टीच्या दिवशी मोबाइलवरनं उत्तर द्यावं तर पोर्टल ऑफिसच्या नेटवर्कशिवाय उघडत नाही. जो माणूस सोमवारी सुट्टीवर असतो त्याचं तिकीट मंगळवारी सकाळी बंद करणारी सिस्टीम कुणाच्या सोयीची आहे, हे मला कुणीतरी सांगावं.

शेवटी फोनच लावला. लाइनवर बराच वेळ ठेवलं, मग एक मुलगा बोलला, आवाजावरनं नवीनच वाटला. त्याला मी एकच विचारलं, की रूट (ॲडमिन) राइट्स न वापरता माझ्या होम फोल्डरमध्ये एखादी स्क्रिप्ट ठेवून चालवली तर चालेल का. तो म्हणाला, "मॅडम, त्याला रिक्वेस्टच लागत नाही. फॉर्म फक्त सिस्टीमवर इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअरसाठी आहे." मी म्हटलं हे लेखी द्या, तर त्यानं लगेच मेल केला, पॉलिसीतल्या कलमासकट. म्हणजे कलम होतं! फॉर्मवर त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही, आणि इतक्या वेळा तिकीट बघणाऱ्यांपैकी कुणालाही ते सांगावंसं वाटलं नाही.

म्हणून तुम्ही फॉर्म भरायच्या आधी हाच प्रश्न ह्याच शब्दांत विचारा आणि उत्तर मेलवर घ्या. तुमच्याकडं उत्तर वेगळं येऊ शकतं, तर विचारल्याशिवाय काही ठेवू नका.

आता गिटचं हे का जमतं ते सांगते. लिनस टॉरवाल्ड्सनं 2005 साली गिट लिहिलं तेव्हापासून त्याची रचनाच छोट्या छोट्या कमांडची आहे. तुमच्या पाथमध्ये (कमांड जिथं शोधल्या जातात त्या फोल्डरांत) 'गिट-' असं सुरू होणारी कुठलीही चालणारी फाइल असली की गिट तिला स्वतःची सबकमांड समजतं. नोंदणी नाही, प्लगइन फोल्डर नाही, काही नाही. मी पहिल्यांदा 'गिट-सफाई' नावाची फाइल केली, आत दोनच कामं : गिट फेच डॅश डॅश प्रून (सर्व्हरवरनं काढलेल्या ब्रँचच्या नोंदी पुसणं), आणि मग ज्या लोकल ब्रँचची सर्व्हरवरची जोडी 'गॉन' दिसतेय त्यांची यादी. मग कुठल्याही रेपॉझिटरीत गिट सफाई टाइप केलं की चालतं. फाइलच्या नावाला मागं डॉट एसएच लावू नका, नाहीतर कमांडमध्येही ते लिहावं लागेल. सीएचमॉड प्लस एक्स (फाइलला चालायची परवानगी देणं) करायचंच. आणि उबुंटूमध्ये होममधलं बिन फोल्डर लॉगिन करताना आधीपासून असेल तरच पाथमध्ये येतं, त्यामुळं फोल्डर नवीन केलं असेल तर एकदा लॉगआउट होऊन परत या. आमच्यातला एक जण 'ही गिटची कमांड नाही' हा मेसेज बघून फाइल परत परत तपासत बसला होता, फाइल बरोबरच होती.

गिट-एक्स्ट्राज सोर्समधनं घेतलं, मेक इन्स्टॉलला प्रीफिक्स म्हणून होममधलं डॉट-लोकल दिलं, झालं. त्यातली गिट समरी कुणाचे किती कमिट (नोंदवलेले बदल) ते दाखवते, गिट एफर्ट कुठल्या फाइलवर जास्त वेळा काम झालंय ते. मला सगळ्यात उपयोगी पडली ती गिट डिलीट-स्क्वॅश्ड-ब्रँचेस. आमच्याकडं सगळं स्क्वॅश करून (ब्रँचमधले सगळे कमिट एकात दाबून) मर्ज होतं, त्यामुळं गिटच्या हिशोबानं ती ब्रँच कधी मर्ज झालेलीच नसते आणि डिलीट-मर्ज्ड-ब्रँचेस तिला हात लावत नाही. ही दुसरी कमांड ते बरोबर ओळखते. तो सगळा ढीग एका कमांडमध्ये गेला तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येत नाही.

डेल्टा रस्ट भाषेत लिहिलेली एकच बायनरी (तयार चालणारी फाइल) आहे, उचलून फोल्डरमध्ये टाकायची आणि गिट कॉन्फिगमध्ये कोअर डॉट पेजर डेल्टा करायचं. ओळीतला नेमका बदललेला शब्द वेगळ्या रंगात दिसतो. नॅव्हिगेट ऑन केलं तर एन दाबून पुढच्या फाइलवर उडी मारता येते, हे सेटिंग नक्की करा.

टिगसाठी (टर्मिनलमध्येच गिटचा इतिहास चाळायचं टूल) एक युक्ती : ॲप्ट डाउनलोडला सुडो लागत नाही. पॅकेज नुसतं उतरवायचं आणि डीपीकेजी डॅश एक्सनं होममध्येच उलगडायचं. विंडोजवाल्यांना एवढंही करायला नको, गिट फॉर विंडोजबरोबर टिग आधीच येतं.

गिट-ॲब्सॉर्बवर खरंतर वेगळं लिहायला पाहिजे. रिव्ह्यूमध्ये चार कमिटमधल्या चार चुका दाखवल्या, तुम्ही सगळ्या दुरुस्त करून ॲड केल्या, की हे टूल प्रत्येक बदल कुठल्या जुन्या कमिटचा आहे ते शोधून फिक्सअप कमिट तयार करतं. अँड-रीबेस हा पर्याय दिला तर रीबेसही (त्या दुरुस्त्या जुन्या कमिटमध्ये मिसळणं) तिथंच होतं. आधी दुसऱ्यांनी ओढून घेतलेल्या ब्रँचवर मात्र नको, इतिहास बदलतो.

आमच्याकडं नवीन आलेल्या पोरानं माझी स्क्रीन बघून "ताई, हे कुठनं आणलंत?" विचारलं, मी तोच मेल त्याला फॉरवर्ड केला आणि त्याच दुपारी त्याचं सगळं सुरू झालं. एकही फॉर्म नाही.

आणि हो, राहिलंच. काही ठिकाणी होम फोल्डर नोएक्झेक करून (तिथल्या फाइली चालवायला बंदी घालून) माउंट केलेलं असतं, मग सीएचमॉड करूनही परमिशन डिनाइड येतं, तिथं ह्यातलं थेट काही चालणार नाही. स्वतःच्या स्क्रिप्टला डॅश डॅश हेल्प दिलं तर गिट मॅन पेज शोधायला जातं आणि नाही म्हणतं, म्हणून मदतीसाठी डॅश एच ठेवा. आणि जुनं अलायस (कमांडला दिलेलं टोपणनाव) आणि नवी स्क्रिप्ट यांचं नाव एकच असेल तर आधी स्क्रिप्ट चालते, अलायस नाही.