अपुरिमाकवरचा गवताचा पूल

पेरू देशातल्या केहुए गावाजवळच्या उतारावर बायका गोलाकार बसून गवत वळत होत्या. कोया नावाचं हे चिवट गवत आधी भिजवायचं, दगडाने ठेचून मऊ करायचं आणि मग दोन तळव्यांमध्ये धरून पीळ देत जायचं. हातांकडे न बघता, केचुआ या तिथल्या भाषेत गप्पा मारत त्या वळत होत्या. प्रत्येक घराने आपल्या वाट्याची दोरी आणायची, असा इथला नेम आहे.

कुस्को शहराहून दक्षिणेला काही तास गाडीने गेलं की सुमारे ३,७०० मीटर उंचीवर अपुरिमाक नदीची अरुंद घळ लागते. तिच्यावर केस्वाचाका हा जवळपास तीस मीटर लांबीचा झुलता पूल आहे. अख्खा गवताचा! दरवर्षी जूनमध्ये उइंचिरी, चाउपिबांदा, चोक्कायहुआ आणि कोल्लाना केहुए या चार वस्त्या मिळून तो नव्याने बांधतात.

पूर्वी इथे इंकांचं राज्य होतं. त्यात नाणं नव्हतं. कर भरायचा तो अंगमेहनतीने, आणि त्याला म्हणत मीता. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागात पसरलेलं तीस हजार किलोमीटरहून लांब रस्त्यांचं जाळं याच श्रमांवर उभं राहिलं. वाटेतला पूल सांभाळायचं काम जवळच्या गावांकडे असे. १५३२ साली काहामार्कामध्ये स्पेनच्या पिझारोने इंका सम्राट आताहुआल्पाला कैद केलं, पुढच्या वर्षी मारलं. कुस्कोतल्या सूर्यमंदिराचे सोन्याचे पत्रे काढून वितळवले गेले. राज्य बुडालं, पण गावांनी मिळून पूल सांभाळायची ही रीत टिकली. माझ्या लेखी इंकांचा सगळ्यात मोठा वारसा हाच आहे, माचू पिच्चूपेक्षाही मोठा.

सुरुवातीला पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, नैवेद्य दाखवतात. पुरुष बायकांनी वळलेल्या बारीक दोऱ्या एकत्र करून पेड घालतात. त्यांतून मांडीएवढे जाड नाडे तयार होतात: चार तळाला, दोन कठड्याला. मग जुना पूल कापून नदीत सोडून देतात. गवतच ते, पाण्यात कुजून जातं. नवे नाडे घळीपार ओढायचे आणि दोन्ही काठांच्या दगडी खांबांना आवळायचे, हे सगळ्यात अवघड काम. दोन्हीकडून माणसं एका लयीत आरोळी देत ओढत होती. नाडे ताणले गेल्यावर पूल बांधणारे जाणते कारागीर अधांतरी बसून बाजू विणत पुढे सरकू लागले. खाली नदी खळाळत होती. माझ्या पोटात गोळा आला.

पूल विणताना बायकांनी घळीजवळ यायचं नाही, अपशकुन होतो, अशी समजूत आहे. मला ती रुचली नाही. ज्यांच्या दोरीवर पूल उभा राहतो, त्यांनीच लांब थांबायचं?

शेजारीच गाड्यांचा लोखंडी पूल आहे, त्यामुळे गवताच्या पुलावाचून कुणाचं अडत नाही. तरी महासाथीच्या काळात डागडुजी राहून गेली आणि २०२१ मध्ये तो कोसळला, तेव्हा या लोकांनी त्याच वर्षी पुन्हा उभारला. २०१३ साली युनेस्कोने या परंपरेची अमूर्त वारशात नोंद केली आहे.

पूल पुरा झाल्यावर नाचगाणी सुरू झाली आणि मलाही पलीकडे जाता आलं. पुलाला हिरव्या गवताचा वास होता. पेरूला जायचं ठरवत असाल तर जूनचा दुसरा आठवडा धरा, आणि कुस्कोत उंचीची सवय झाल्यावरच इकडे या.