तुम्ही विचारलंत म्हणून: माझा जुलै कोरा का

‘भंडाऱ्याकडची पोरगी तू, धानाच्या बांध्यांत वाढलेली. समुद्रातल्या गोगलगाई कधी अंडी घालतात ते तुले काऊन पाहिजे?’ लग्नात, तेरवीत, एसटीत हेच. म्हणून एकदाचं सांगते, आणि गोगलगाईंच्या विणीवरच्या माझ्या संशोधनाच्या आलेखात जुलै महिना कोरा का, तेही.

आपल्या बोडीतली, म्हणजे गावतळ्यातली, गोगलगाय उन्हाळाभर चिखलात झाकण लावून पडते आणि पाऊस आला की काठच्या ओल्या मातीत अंडी घालते, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. रत्नागिरीच्या खडकावरच्या नेरिटाचा, म्हणजे मी अभ्यासलेल्या समुद्री गोगलगाईचा, हिशेब वेगळा. तिच्यावर भरती-ओहोटी येते, पावसाळ्यात वरून गोडं पाणी कोसळतं. ती दगडाला अंड्यांचे तिळाएवढे पांढरे कोष चिकटवते. भिंगातून फुगीर झाकण दिसतं. ते निघालं की अळ्या समुद्रात पोहत जातात आणि दगडावर नुसती कड उरते. सगळ्यांचं असंच असतं असंही नाही. ब्रिटनच्या किनाऱ्यावर लिटोरिना लिटोरिया ही गोगलगाय अंड्यांचे कोष पाण्यात सोडते, तर तिची चुलत बहीण लिटोरिना सॅक्साटिलिस थेट पिल्लंच जन्माला घालते.

वीण कधी होते ते कळायचं तर दर महिन्याला ओहोटी गाठायची, शंख फोडायचे, जननग्रंथीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे: अंडपेशी भरताहेत की ग्रंथी रिकामी झालीय. महिना हुकला की गेला.

माझा जुलै हुकला. अमावास्येच्या ओहोटीच्या आदल्या संध्याकाळी भावाचा फोन आला. बाबा धुऱ्यावरून घसरले, मांडीचं हाड मोडलं. ‘तुह्या गोगलगाई थांबतील,’ तो म्हणाला. त्या थांबणार नव्हत्या, तरी मी रात्रीच निघाले. घरी रोवणी अर्ध्यावर, उपटलेल्या पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत पडलेल्या. आई म्हणाली, ‘आज नाही लागले तर पिवळे पडतील.’ दिवसा चिखलात वाकायचं, रात्री दवाखान्यात बाबांच्या उशाशी बसायचं. बाबा गुंगीतही पाणी अडवलं का विचारत.

परतल्यावर मार्गदर्शक म्हणाले, आलेखावर जून आणि ऑगस्टचे बिंदू जोडून टाक, कोण बघतंय? मी नाही जोडले. ज्या महिन्यात मी खडकावर नव्हते, त्याची रेघ मी का ओढावी?

तेव्हा वाटायचं, वर्ष वाया गेलं. आज तेव्हाच्या त्या मुलीला, म्हणजे मलाच, सांगावंसं वाटतं, बाकीचे महिने तर खरे आहेत ना. ती ऐकत नाही. म्हणते, पावसाचा जोर असताना गोगलगाईंच्या अंगात काय चाललं होतं, तेच तर शोधायचं होतं. तिचं खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. पुढच्या जुलैत मी गेले, नमुने आणले. पण पाऊस वेगळा, वर्ष वेगळं. ते त्या कोऱ्या जागेत बसवता येत नाहीत.