साबण घे, नळ बंद कर, आता पूस

‘त्याला हात धुता येतात का?’ असं विचारलं की बहुतेक आईवडील चटकन ‘हो, येतात की’ म्हणतात. मग मी म्हणते, चला, बघू या. फक्त तुम्ही तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मुलगा नळ सोडतो, हात ओले करतो आणि थांबतो. आईकडे बघतो. आई ओठ दाबून उभी. पाणी वाहतंय, तो बघतोय, शेवटी तिला राहवत नाही. ‘अरे, साबण घे ना!’ की लगेच हा साबण उचलतो. चोळतो छान, धुतोही छान. हातांचं काम त्याला सगळं येतं. ‘आता पुढे काय’ हे मात्र अजून आईच्याच ताब्यात आहे.

मी विशेष शिक्षिका आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, डाउन सिंड्रोम असलेल्या मोठ्या मुलामुलींना रोजची कामं शिकवते: अंघोळ, कपडे, अंथरूण, पाळीच्या दिवसांतली काळजी. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. सगळ्यात चिवट मदत म्हणजे तोंडी मदत. हाताने केलेली मदत काढून घेता येते. आधी त्याच्या हातावर हात, मग मनगटाला, मग कोपराला, मग नुसता खांद्याला स्पर्श, आणि एक दिवस तोही नाही. शब्दाला कोपर नसतो. ‘साबण’ हळू आवाजात म्हटलं तरी ते सांगणंच झालं. शिवाय घरात सगळ्यांनाच बोलायची खोड. आजी, बाबा, ताई, जो जाईल तो एक सूचना टाकून जातो, आणि आपण मदत करतोय हे कुणाच्या गावीही नसतं.

म्हणून नवं काम शिकवताना मी पहिल्यापासून गप्प असते. मदत लागली तर मागून हाताने करते. मागून अशासाठी, की समोर उभं राहिलं तर मूल आपला चेहरा वाचत बसतं. मागे राहिलं की त्याच्या नजरेसमोर फक्त काम उरतं. तो अडला की मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे आणि मगच हात पुढे करायचा. करून बघा. ते पाच आकडे फार लांब असतात.

जॅकेटची चेन घ्या. आधी आपण स्वतः लावून पायऱ्या लिहून काढायच्या: दोन्ही बाजू खाली समोरासमोर आणणं, पिन सरकत्या भागात शेवटपर्यंत बसवणं, एका हाताने खालचं टोक धरून ठेवणं, दुसऱ्या हाताने वर ओढणं. आता शिकवायचं उलट्या बाजूने. चेन आपण गळ्याच्या जरा खालपर्यंत आणायची, शेवटचं चार बोटं ओढणं त्याचं. ते जमलं की छातीपासून, मग पोटापासून. पिन बसवणं सगळ्यात अवघड, म्हणून ते सगळ्यात शेवटी. कामाच्या पायऱ्यांची साखळी अशी शेवटाकडून शिकवण्याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. यातली गंमत अशी, की काम पुरं होण्याचा क्षण पहिल्या दिवसापासून मुलाच्या वाट्याला येतो. सुरुवातीपासून शिकवत गेलं तर तो नेहमी अर्ध्यावर असतो आणि शेवट आपण करून टाकतो.

गप्प राहून शिकवण्याचा माझा गुरू, मी त्याला कधी भेटले नसले तरी, अमेरिकेतला मार्क गोल्ड. ज्यांना काही शिकवण्यात अर्थ नाही असं लोक समजत, अशांना त्याने १५ सुट्या भागांचा सायकलचा ब्रेक जोडायला शिकवला. त्याचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना दिलेल्या भागांची एक बाजू रंगवलेली होती. भाग बरोबर ठेवला की ती बाजू काम करणाऱ्याकडे यायची, त्यामुळे कसं ठेवायचं हे वस्तूच सांगायची. पुढे त्याची जी पद्धत गाजली, तीत चुकलं तर ‘दुसऱ्या तऱ्हेने करून बघ’ एवढंच म्हणायचं. बरोबर असेल तर काहीच नाही. शाबासकीचा पाऊस नाही, टाळ्या नाहीत. शांतता म्हणजे ठीक चाललंय. टाळ्यांच्या बाबतीत मी त्याच्याइतकी कडक नाही, पण वीस वर्षांच्या मुलाने दात घासले म्हणून घरभर ‘गुड बॉय’ सुरू झालं की मलाही अवघडल्यासारखं होतं.

ती रंगाची युक्ती मी सर्रास वापरते. पॅड लावायला शिकवताना निकरच्या आतल्या बाजूला पॅडच्या आकाराची रेघ मारून घेते. पॅड त्या रेघेत बसलं की बरोबर. ‘पुढे सरकव, मागे घे’ असं दाराबाहेरून ओरडावं लागत नाही. हा सराव पाळी सुरू व्हायच्या आधीच व्हायला हवा. पहिल्या पाळीच्या दिवशी पोटात दुखत असताना, मुलगी घाबरलेली असताना, कसला धडा घेणार? आणि न बोलता शिकवलं तर आणखी एक साधतं: तिला आत एकटीला राहता येतं. सूचना देणारं माणूस लागतं तोवर दार लागतच नाही.

दाराची कडी हा आईवडिलांशी माझा नेहमीचा वाद. ‘आत पडली तर?’ भीती खोटी नाही, विशेषतः फिट येत असेल तर. अशा वेळी बाहेरून उघडता येणारी कडी बसवा, फरशीवर न घसरणारी मॅट टाका, पण दार लावू द्या. अपंगांच्या हक्कांसाठी लिहिणारे अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ सालीच लिहिलं होतं, की थोडा धोका पत्करायला मिळणं हा माणसाच्या प्रतिष्ठेचाच भाग आहे. हे वाक्य पटायला सोपं आणि बाथरूमबाहेर उभं राहून निभवायला महाकठीण, हे मलाही कळतं.

शाळेतला नळ फिरवायचा, घरचा दांडीचा, तिसरीकडे हात खाली धरला की आपोआप येणारा. एका नळावर शिकलेलं दुसऱ्यावर आपोआप उतरत नाही, हे धरूनच चालायचं आणि मुद्दाम वेगवेगळ्या नळांवर नेऊन सराव घ्यायचा.

सकाळी घाई असेल तर सरळ तुम्हीच कपडे घाला, त्यात काही बिघडत नाही. घाईत शिकवायला गेलं की तोंड सुटतंच. शिकवायचं काम एकच निवडा आणि वेळ निवांत ठेवा.

मग बोलायचं नाही तर लक्षात कसं राहणार? भिंतीवर फोटोंची पट्टी लावा. त्याच्याच बेसिनचे, त्याच्याच साबणाचे फोटो. शब्द हवेत विरतो, फोटो जागेवर थांबतो. तो अडला तर बोटाने पट्टीकडे दाखवा, चेहऱ्याकडे बघू देऊ नका. ‘ही पट्टी काढायची कधी?’ हा प्रश्न हमखास येतो. काढायची कशाला? माझा फोन दिवसभर मला गजर देऊन कामं आठवून देतो, मला कुणी परावलंबी म्हणत नाही. त्याला नको झाली तर तो बघायचा थांबेल. तोवर राहू दे, फक्त लॅमिनेट करून घ्या, नाहीतर पाण्याने आठवड्यात लगदा होतो.