यंदापण उचल घेतली

आईचा फोन आलेला, बोलता बोलता म्हणाली, शेजारच्या वहिनींनी यंदापण ऊसतोडीची उचल घेतली, म्हणजे कामाआधीच पैसे, दसरा झाला की जातील कर्नाटकात. ती पुढं पावसाचं सांगत राहिली, माझं डोकं मात्र तिथंच अडकलं ते अजून निघालं नाही.

उन्हाळ्यात त्याच मला म्हणालेल्या, बास झालं आता, पोरगी दहावीला आहे.

नको म्हणता आलं नसतं का? पण कसं म्हणणार, सासऱ्यांच्या ऑपरेशनला पैसे लागले, कोरडवाहू दोन एकरावर बँक किती देणार, आणि रोजगार हमीची मजुरी काम झाल्यावर, तीही खात्यात येईल तेव्हा. (बहात्तरच्या दुष्काळात ती योजना आपल्याकडं उभी राहिली, पुढं देशानं घेतली, मला अजून अभिमान आहे त्याचा.) कामाआधी लाखभर रुपये एकरकमी हातात ठेवणारा गावात फक्त तोडणीची टोळी नेणारा मुकादम. तेही एकटीला नाही, नवराबायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, असेल तर. मग पहाटे अंधारात फडात, डोक्यावर मोळ्या, दुखलंखुपलं म्हणून बसलं तर खाडा, त्याचे पैसे कापणार, आणि हंगाम संपून पट्टा पडला की हिशोबात बाकी निघतेच, ती पुढच्या सालावर. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला तेव्हा मला किती बरं वाटलेलं! पण पैसा आधीच दवाखान्यात गेलेला असला की वाढलेला दर मागची बाकी फेडण्यातच जातो. वेठबिगारी बंदीचा कायदा 1976 चा आहे, तरी.

मेहनत केली की माणूस वर येतो असं कुणी म्हणालं की मला आता चीड येते. यांच्याइतकी मेहनत कोण करतं? तोडणीच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं 2019 ला पेपरात आलेलं, ते तर... जाऊ दे, आज नको.

इथं पुण्यात हे कुणाशी बोलायचं कळत नाही. वडिलांना नोकरी होती म्हणून मी शिकले, एवढाच फरक आमच्यात, आणि तो आठवला की फार एकटं वाटतं.

नको म्हणता आलं नसतंच त्यांना. ऑपरेशनच्या वेळी दुसरं कुणी पैसे दिले असते तर आलं असतं.

पोरगी आजीजवळ राहणार, म्हणजे स्वयंपाकपाणी, आजारी आजोबा सगळं तिच्यावर. आईला सांगितलंय, रविवारी फोनवर गणित घेते तिचं. बाकी तेवढीच राहणार, माहितीये मला. तरी घेणार.