मधल्या नावाची जागा

बारशाला कानात कुर्र करायचा मान आत्याचा. पण त्याआधी नाव ठरवताना आत्याला कुणी विचारत नाही. तिने शेवटी यायचं, पाळण्यात वाकायचं, पाठीत बायकांचे बुक्के खायचे आणि दुसऱ्यांनी ठरवलेलं नाव सांगायचं. या वेळी मात्र मी आधीच नाक खुपसलं. शूर्पणखेच्या गावात राहून एवढं तर चालायचंच.

वहिनीच्या अटी स्पष्ट होत्या. "नाव ऐकल्यावर मुलगीच डोळ्यांपुढे आली पाहिजे. किरण, सुहास असलं नको, जन्मभर 'श्री.' लावून पत्रं येतात. आणि कॉलनीत दुसरी नको." पहिली अट सोपी. आकारान्त नाहीतर ईकारान्त धरलं की निम्मं काम होतं. दुसरीवर घोडं अडलं. स्वरा, आर्या, अन्वी, मायरा या सगळ्या एकेकाळी वेगळ्याच होत्या. आता गंगापूर रोडवरच्या कुठल्याही बागेत संध्याकाळी 'स्वराऽ' म्हणून हाक मारा, चार झोके थांबतात.

त्यात पत्रिका आली. हस्त नक्षत्र, तिसरा चरण. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ, म्हणजे आमच्या वाट्याला ण. ण वरून मुलीचं नाव कुणी सांगून दाखवावं! (आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला तर ङ येतो, त्या मानाने आम्ही सुखी.) पंचवटीतल्या गुरुजींनी मात्र सवयीने वाट काढून दिली. जन्मनाव पत्रिकेत राहू द्या, व्यवहारातलं तुमच्या मनाचं ठेवा.

मग मी नद्यांकडे वळले. नाशिककराला त्यासाठी पुस्तक उघडावं लागत नाही. गोदावरी घरोघरी होऊन गेली, गौतमीही ऐकलेली. अरुणा आईच्या पिढीची. वरुणा मला फार आवडलं होतं, पण दादा म्हणाला, "तिलाच आता वाघाडी म्हणतात, एकदा पुलावरून बघून ये." तपोवनात संगम असलेली कपिला सुचवली, तर आई म्हणाली, गाईचं नाव गाईलाच राहू दे. दारणा, कादवा या भारदस्त नद्या, पण पाळण्यात मावत नाहीत. इगतपुरीकडचं भावली धरण आठवलं. भावली गोड आहे, फक्त ती साठ वर्षांची होऊन बँकेत पेन्शनच्या रांगेत उभी राहिलेली डोळ्यांपुढे येईना. नाव बाळाला ठेवतो, पण वापरते ती बाई, हे पाळण्याभोवती जमलेल्यांच्या लक्षात राहत नाही.

शेवटी काश्यपी उरलं. गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला काश्यपीचं धरण आहे, त्या नदीचं नाव. मुलीचं, ठसठशीत, आणि निदान आमच्या ओळखीत कुणाचंच नाही. दादाची एकच कुरकुर: दर पावसाळ्यात पेपरात येणार, 'काश्यपी ऐंशी टक्के भरली'. मी म्हटलं, येऊ दे की, कौतुकच आहे. मी नावाची माझी परीक्षाही घेतली. 2027 च्या सिंहस्थात रामकुंडावर ही हरवली, तर भोंग्यावरून पुकारणाऱ्याला नाव धड म्हणता येईल का? काश्यपी म्हणता येतं. अद्विका, त्विषा यांची मला खात्री नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मधल्या नावाचा विचार आपल्याकडे करावाच लागत नाही. ती जागा आधी बापाची, लग्नानंतर नवऱ्याची, ठरलेलीच. पण 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या बाळाचं नाव आपल्या राज्यात सरकारी कागदावर आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असं लिहायचं आहे. वहिनीला हे माहीत होतं, पण स्वतःच्या हाताने कागदावर लिहून बघेपर्यंत ते जाणवलं नव्हतं. तिचं नाव स्वाती, वैशाली, मनीषा या पंक्तीतलं, शाळेत एका वर्गात तीन-तीन असायच्या त्यातलं. "एवढं शोधून काढलेलं नाव, आणि शेजारी माझं!" म्हणून ती खट्टू झाली.

मला उलट वाटलं. मुलींची नावं शोधताना आपण अजून एकाच जागेचा विचार करतो, पहिल्या. पण ही मुलगी मोठी होईल, तिला मूल होईल, तेव्हा काश्यपी हे त्या मुलाचं मधलं नाव असेल. शाळेच्या दाखल्यावर, मार्कशीटवर, पासपोर्टवर. म्हणजे आम्ही एक नाव ठेवत नव्हतो, पुढच्या पिढीच्या नावातली एक जागाही भरून ठेवत होतो. मग वहिनीचं चारचौघींसारखं नाव तिथे शोभतच होतं. विचित्र नावाला आधाराला साधं नाव लागतं, असं माझं मत. वहिनीला ते पटलं की नुसती गप्प बसली, कोण जाणे.

जन्माची नोंद दवाखान्यातून वेळेत गेली होती, नाव तेवढं टाकायचं राहिलं होतं. त्याला वर्षभर मुदत असते, शुल्कही पडत नाही, म्हणून तर आमचा घोळ इतका लांबला. दादा एकदाचा अर्ज भरायला बसला आणि एकेक नाव मोठ्याने वाचू लागला. कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या आजीने विचारलं, "आईचं पण घालतात होय आता?"

"हो आजी. आधी आईचं, मग बापाचं."

"मग माझं पण घाला की."

दादा हसला. "कुठलं घालू? इथलं की माहेरचं?"

आजीचं नाव लग्नात बदललेलं. रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर, सगळीकडे ते नवंच. माहेरच्या नावाने हाक मारणारा तिचा शेवटचा भाऊही आता नाही.

"माहेरचं," लसणाची सालं झटकत आजी म्हणाली. "इथलं तुझ्या आजोबांनी ठेवलेलं, मला कुणी विचारलं होतं?"